यांत्रिक घोड्यावर मांड सुधारते का? सुधारते, पण समोरचा पडदा बंद ठेवा

वर्षभर घोडेस्वारी शिकणाऱ्या एकाने विचारलं आहे: वॉक (घोड्याची सावकाश चाल) जमतो, उठत-बसत केलेला ट्रॉटही (दुडकी चाल) जमतो. पण बसून ट्रॉट करायला गेलं की खोगिरावर आदळायला होतं, कॅन्टरमध्ये (त्याहून वेगवान, झुलत्या चालीत) रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) सुटतात आणि हात स्थिर नाहीत ही प्रशिक्षकांची कायमची तक्रार आहे. यांत्रिक घोड्यावर, म्हणजे घोड्यासारख्या हलणाऱ्या सरावाच्या यंत्रावर, शिकवणी घेतल्याने यात फरक पडेल का? पडत असेल तर किती वेळा जावं आणि तिथे करावं काय?

जा. तुमची तिन्ही दुखणी एकाच ठिकाणी उगम पावतात, ती म्हणजे कच्ची मांड. हात हलतात कारण बैठक हलते आणि तोल सावरायला लगामाचा आधार घेतला जातो. रिकिबी सुटतात कारण गुडघे आवळले जातात आणि पाय वर ओढला जातो. त्यामुळे हातांवर वेगळी आणि पायांवर वेगळी मेहनत घेत बसू नका.

यंत्राकडे बहुतेक जण ज्या ओढीने येतात ती मला फारशी पटत नाही. समोर मोठा पडदा असतो, त्यावर रानातली वाट किंवा ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) मैदान दिसतं, धडा संपला की गुण मिळतात. मजा येते, नाकारत नाही. पण या यंत्राचा खरा उपयोग मला एकाच गोष्टीत दिसतो: कॅन्टर चालू असताना शिकवणारी व्यक्ती शेजारी उभी राहून तुमच्या कंबरेला, गुडघ्याला, खांद्याला हात लावू शकते. घोडा मैदानात फिरत असताना प्रशिक्षक मध्यभागी उभा असतो, दहा मीटर लांब. तो ओरडून सांगतो, "कंबर सैल सोडा!" तुम्हाला वाटतं, सोडली. त्याला दिसतं, नाही सोडली. हा संवाद वर्षानुवर्षं चालू शकतो. यंत्रावर तोच प्रशिक्षक तळहात माकडहाडावर ठेवतो, जरासा दाब देतो, आणि 'सैल' म्हणजे नेमकं काय ते तुमच्या शरीराला कळतं. शब्दांनी न झालेलं काम अनेकदा एका स्पर्शात होतं.

म्हणूनच पहिली अट सांगते: यंत्राजवळ शिकवणारी व्यक्ती धडाभर उभी राहणार असेल तरच पैसे भरा. बटण दाबून तुम्हाला पडद्यासमोर सोडून देणार असतील तर तो खेळ झाला.

आता यंत्रांबद्दल थोडं. सगळी एका जातीची नसतात. एक प्रकार बिनमोटारीचा, स्प्रिंगवर डुलणारा. अमेरिकेचे जॉकी फ्रँक लोव्हाटो ज्युनियर यांनी बनवलेलं इक्विसायझर हे त्यातलं सर्वांत परिचित. त्यावर स्वारच अंगाने हालचाल निर्माण करतो, म्हणून शर्यतीच्या जॉकींना सरावासाठी आणि दुखापतीनंतर पुन्हा तयार होण्यासाठी ते आवडतं. दुसरा प्रकार मोटारीचा: वॉक, ट्रॉट, कॅन्टर अशा चाली यंत्र स्वतः देतं. त्याच्यापुढची पायरी म्हणजे लगाम, पोटाच्या बाजू आणि खोगिराखाली सेन्सर असलेली यंत्रं. ब्रिटनच्या रेसवुड कंपनीची यंत्रं या वर्गातली. तुमच्या कामासाठी दुसरा किंवा तिसरा प्रकार हवा. घरात वापरायची खोगिराच्या आकाराची छोटी हलणारी बैठक मिळते, ती व्यायामाला ठीक. स्वारी सुधारायला तिचा भरवसा धरू नका.

कल्पना काही नवी नाही, बरं का. रोमन सैन्यात नव्या भरतीला लाकडी घोड्यावर उडी मारून चढण्या-उतरण्याचा सराव करावा लागे. 1912 साली बुडालेल्या टायटॅनिकच्या व्यायामशाळेत विजेवर चालणारा घोडा होता, आणि अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी तर तसा एक व्हाइट हाउसमध्ये ठेवला होता. त्यावरून त्यांची भरपूर थट्टाही झाली.

बसून ट्रॉट करण्याकडे वळू, कारण तुमचा निम्मा प्रश्न तिथे आहे.

ट्रॉट ही दोन ठोक्यांची चाल. कर्णरेषेतले पाय जोडीने पडतात आणि दोन ठोक्यांच्या मधे घोडा क्षणभर हवेत असतो. साधारण घोडा मिनिटाला 75 ते 80 पूर्ण ढांगा टाकतो, म्हणजे तुमच्या बैठकीखाली मिनिटाला दीडशेहून अधिक धक्के येतात. दोन धक्क्यांमधे अर्धा सेकंदही नसतो. धक्का आला, जाणवला, मग कंबर सोडली, एवढा वेळच मिळत नाही. शरीराला पुढचा धक्का आधीच ठाऊक असावा लागतो. आदळणं कसं होतं तेही पाहा. हवेतून उतरताना घोड्याची पाठ खाली जाते आणि तुम्ही तिच्या मागून, उशिरा खाली येता. तेवढ्यात पाठ वर यायला लागलेली असते. दोघांची मधेच टक्कर होते. टक्कर दुखते म्हणून माणूस मांड्या आवळतो, मांड्या आवळल्या की बैठक खोगिरापासून आणखी वर उचलली जाते, आणि पुढची टक्कर जास्त जोराची होते. घोडाही गप्प बसत नाही. पाठीवर धपाधप पडणारं ओझं चुकवायला तो पाठ ताठ करतो, मान वर करतो, आणि त्याची चाल आणखी खडबडीत होते. आता दोष कुणाचा, कुणी सांगावं?

यंत्र हे चक्र तोडतं, कारण त्याची पाठ ताठ होत नाही. तुम्ही कितीही वाईट बसलात तरी पुढचा धक्का आधीच्या धक्क्यासारखाच येतो. तोच तोच धक्का मिळत राहिला की शरीर त्याची लय पकडतं. शिवाय एका जिवंत प्राण्याच्या पाठीवर आणि तोंडात तुमच्या शिकण्याचा भार पडत नाही, ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

ट्रॉटचा धडा मी असा घेते. सुरुवात वॉकने, डोळे मिटून. वॉक चार ठोक्यांची चाल. तिच्यात तुमच्या बैठकीची दोन हाडं, ज्यांवर आपण कठीण बाकावर बसल्यावर टेकतो ती, आळीपाळीने खाली आणि पुढे जातात. कोणतं हाड कधी जातं ते मोठ्याने म्हणायचं: डावं, उजवं, डावं, उजवं. पहिल्या दिवशी बरेच जण चुकतात. ते बिनचूक येईपर्यंत ट्रॉट नाही. मग रिकिबी काढून ट्रॉट, एक हात खोगिराच्या पुढच्या कडेला, वीस-तीस सेकंद, थांबा, पुन्हा. लांबलचक ट्रॉट चालू ठेवू नका. थकलेलं शरीर आवळतं आणि मग आपण आवळण्याचाच सराव करत राहतो. श्वास रोखला जातोय का ते पाहायला मी बोलायला लावते, दिवसभरात काय केलं ते सांगा म्हणते. बोलणं तुटक झालं की कंबर धरलेली आहे असं समजायचं.

कंबर सैल सोडा म्हणजे पोट लोंबू द्या असं मात्र नाही. ओटीपोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंत थोडा ताण लागतोच, नाहीतर धड हलत राहतं आणि डोकं डोलतं. सोडायचे असतात ते खुब्याचे सांधे आणि मांड्या. हा फरक वाचून समजत नाही; इथे पुन्हा तो शेजारी उभ्या माणसाचा हात लागतो.

आणखी एक गोष्ट यंत्र फार निर्दयपणे दाखवतं. जिवंत घोडा दोन्ही बाजूंनी सारखा कधीच नसतो. एका बाजूला वाकायला त्याला सोपं जातं, दुसऱ्या बाजूला जड. त्यामुळे तुम्ही डावीकडे घसरत असाल तर घोडा वाकडा म्हणून की तुम्ही, हे ठरवणं अवघड असतं, आणि आपण सगळे घोड्यालाच दोष देतो. नीट जुळवलेल्या यंत्राची चाल दोन्हीकडे सारखी असते. खोगीर मधोमध असूनही त्यावर तुम्ही एका बाजूला कललात तर तो कल तुमचाच. मागून चित्रीकरण करून घ्या. पाठीचा कणा खोगिराच्या मध्यरेषेवर आहे का, दोन्ही टाचा एका पातळीत आहेत का, एक खांदा खाली आहे का. बाजूने दुसरं चित्रीकरण: कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत हवेत. पाय पुढे जाऊन खुर्चीत बसल्यासारखी बैठक झाली असेल किंवा धड पुढे कलून वजन मांड्यांवर गेलं असेल, तर चित्रात लगेच दिसतं. एक दिवस फक्त वाकडेपणावर घालवला तरी तो वाया जात नाही.

कॅन्टर. इथे यंत्राने मिळणारा फायदा आकड्यांत मांडता येतो. वीस मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परिघ सुमारे 63 मीटर. सेकंदाला पाच मीटर वेगाने कॅन्टर करणारा घोडा एक फेरी बारा-तेरा सेकंदांत संपवतो. नवख्या स्वाराला एका वेळी एक-दोन फेऱ्या मिळतात, आणि त्यातला बराचसा वेळ वळण सांभाळण्यात, घोडा पुन्हा ट्रॉटमध्ये उतरू नये म्हणून धडपडण्यात जातो. मांडीकडे लक्ष द्यायला उरतात चार-पाच सेकंद. यंत्रावर कॅन्टर तीन मिनिटं अखंड चालू ठेवता येतो, म्हणजे जवळजवळ तीनशे ढांगा, आणि तेवढा वेळ तुमचं दुसरं काही काम नाही.

कॅन्टर तीन ठोक्यांचा, आणि त्यात खोगीर पुढून वर उचललं जातं, मग पुढून खाली जातं. कंबरेखालचा भाग त्या झुलण्याबरोबर जायला हवा आणि खांदे जागेवर राहायला हवेत. होतं उलटं: कंबर धरली जाते आणि खांदे पुढे-मागे पंप मारू लागतात. रिकिबी सुटण्याचं कारणही इथेच सापडतं. धड मागे फेकलं की पाय पुढे जातो, पाय पुढे गेला की टाच वर येते. म्हणून रिकिबी सुटल्या तर पायाने त्यांना शोधत बसू नका, त्या काढूनच टाका. काही धडे रिकिबींशिवाय करा. पाय आपोआप लांब सुटला की रिकिबी पुन्हा लावा. कॅन्टर डाव्या आणि उजव्या दोन्ही अंगांचा (कोणत्या बाजूचे पाय पुढे पडतात त्यावरून) करून घ्या. यंत्रात ती सोय आहे का ते आधी विचारा, सगळ्यांत नसते.

हातांसाठी यंत्राचा उपयोग अर्धामुर्धा. वॉक आणि कॅन्टरमध्ये घोड्याची मान पुढे-मागे होते, तेव्हा हातांनी तिच्याबरोबर जायचं. ट्रॉटमध्ये मान बरीच स्थिर असते, तेव्हा उठता-बसताना कोपर उघडून-मिटून हात एका जागी ठेवायचे. यातला दुसरा भाग यंत्रावर छान शिकता येतो. प्रत्येक हाताच्या करंगळीत यंत्राच्या मानेवरून आलेला बारीक दोरा धरायचा. हात वर-खाली झाला की दोरा ताणला जातो. पण घोड्याच्या तोंडाशी संपर्क ठेवणं, तो कधी बिट (लगामाला जोडलेली तोंडातली कडी) चघळतोय, कधी ओढतोय, कधी टाळतोय हे ओळखणं, स्प्रिंगला बांधलेल्या लगामावर शिकता येत नाही. स्प्रिंग रोज सारखीच ताणली जाते. घोडा तसा नसतो.

आता ज्यांची मला धास्ती वाटते त्या गोष्टी.

पहिली, पाय. सेन्सर ठरावीक जागी असतो आणि पुरेसा दाब मिळाला की चाल बदलते. कधी दाबलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. घोड्यावर वेळेलाच महत्त्व आहे: त्या बाजूचा मागचा पाय उचलला जाण्याच्या बेतात असताना दिलेली हलकी खूण काम करते, पाय जमिनीवर वजन पेलून असताना तीच खूण फुकट जाते. यंत्रावर जोरात टाच मारायची सवय लागलेले स्वार मी पाहिले आहेत, आणि संवेदनशील घोड्यावर बसल्यावर त्यांची जी धावपळ उडते ती पाहण्यासारखी नसते. म्हणून सुरुवातीचे धडे प्रशिक्षकानेच चाल बदलून द्यावी, पायाने काही मागायचंच नाही.

दुसरी, वेग. यंत्र जागच्या जागी हलतं. खरा घोडा कॅन्टरमधून ट्रॉटमध्ये उतरतो तेव्हा तुमचं शरीर पुढे जात राहतं, आणि वळणावर ते बाहेर फेकलं जातं. यंत्रावर या दोन्ही ओढी येत नाहीत. त्यामुळे यंत्रावर चाल बदलणं सोपं वाटलं म्हणून मैदानात तसंच जाईल असं धरून चालू नका. काहींना तर उलट त्रास होतो: पडद्यावर झाडं मागे पळतात, शरीर मात्र कुठेच जात नाही, आणि मळमळायला लागतं. पडदा बंद ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

तिसरी, गुण. 'समतोल 72' असं पडद्यावर आलं की माणूस तो आकडा वाढवायला लागतो, आणि आकडा वाढवायचे मार्ग यंत्रागणिक वेगळे असतात. अगदी पाहायचेच असतील तर फक्त डाव्या-उजव्या वजनाचा आलेख पाहा, तोही धडा संपल्यावर.

भीतीबद्दल दोन मतं आहेत. घोड्यावरून पडल्यानंतर पुन्हा बसायला घाबरणाऱ्यांना यंत्राने मदत होते हे मी अनेकदा पाहिलं आहे. शरीराला कॅन्टर आठवतो, श्वास जागेवर येतो. पण घोडा अचानक बिचकून बाजूला उडी मारतो त्याची तयारी यंत्र करून देत नाही. बिचकणार कधी हे ठाऊक नसणं हाच त्यातला अवघड भाग असतो. उडीच्या सरावाचंही तसंच: धड खुब्यातून कसं दुमडायचं, हात मानेबरोबर पुढे कसे सोडायचे हे यंत्रावर शिका, अडथळ्यापासून किती अंतरावर उडी घ्यायची याचा अंदाज फक्त घोड्यावर येतो.

खोगिरावरून उठून, वजन रिकिबींत घेऊन केलेली पुढे झुकलेली बैठक मात्र यंत्रावर भरपूर करा. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवलं गेलं की 1900च्या आसपास जॉकींनी आखूड रिकिबींची, वाकलेली बैठक स्वीकारली तेव्हा शर्यतींच्या वेळा 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. घोड्याच्या वर-खाली, पुढे-मागे होण्याबरोबर जॉकीचं शरीर तेवढंच हलत नाही, त्याचे पाय मधे ते शोषून घेतात. घोड्याला स्वाराचं वजन उचलावं लागतं, पण प्रत्येक ढांगेला ते ढकलत न्यावं लागत नाही. हे शोषणं स्वाराच्या मांड्या-पोटऱ्यांच्या मेहनतीवर होतं. तुम्हाला शर्यत मारायची नाही, पण अशा बैठकीत दोन मिनिटं निभावणारे पाय कॅन्टरमध्ये रिकीब सहज सोडत नाहीत.

किती वेळा जावं? आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाच्या आत. यंत्रावर विश्रांती आपोआप मिळत नाही. घोड्यावरच्या तासाभरात थांबणं, ऐकणं, चालत फिरणं यात बराच वेळ जातो. यंत्रावर सगळा वेळ काम चालू असतं आणि खुब्याचे स्नायू दुसऱ्या दिवशी बोलतात. पाठीचा किंवा मानेचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण मोटारीच्या ट्रॉटचे धक्के थांबेपर्यंत एकसारखे बसतात. प्रत्येक धड्यात एकच गोष्ट धरा. आणि धड्यानंतर दोन दिवसांच्या आत घोड्यावर बसा, नाहीतर शरीराला जे कळलं ते विरून जातं. महिनाभर फक्त यंत्र आणि मग घोडा, हा बेत मी कुणालाच सुचवत नाही.

घोड्यावर परतल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं प्रशिक्षकाला लंजिंगवर घ्यायला सांगा: घोडा लांब दोरीवर त्यांच्या ताब्यात, तुमच्या हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे स्वार याच पद्धतीने बराच काळ मांड पक्की करतात, तेव्हा यात कमीपणा मानू नका. यंत्रावर वळण आणि पुढे जाण्याची ओढ नव्हती, ती इथे हळूहळू भरून निघते.

सहा-सात धड्यांनंतरही यंत्रावर मांड चांगली आणि घोड्यावर आदळणं तसंच, असं झालं तर स्वतःला दोष देण्याआधी खोगीर तपासा. खोगिराची बैठक तुमच्या मापाला लहान असेल तर खुबा मागे अडकतो. रिकिबीचा पट्टा ज्या पट्टीला लटकतो ती फार पुढे असेल तर पाय पुढेच जाणार, कितीही सराव केला तरी. शक्य असेल तर तुमचं नेहमीचं खोगीर घेऊन जा आणि ते यंत्रावर बसवून पाहा. बऱ्याच यंत्रांवर साधं खोगीर तंग आवळून बसतं. त्या खोगिरावर यंत्रावरही आदळायला लागलात, तर उत्तर मिळालं.